प्लेटखालची सावली

सायमनकाका,

हॅक्सॉच्या पात्याचा तुमचा तुकडा कालपर्यंत आमच्या फ्रिजच्या दाराला चिकटलेला होता. त्याच्याखाली गॅसवाल्याचा नंबर. काल तुमच्या कंपनीचे दोघे समोर तुमच्या घरी अॅग्नेसकाकूंकडे येऊन बसले होते, तेव्हा आमचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून मला सगळं ऐकू येत होतं, आणि सगळा वेळ मी त्या तुकड्याकडे बघत होते.

त्यातला टायवाला बोलत होता. "मॅडम, ऑपरेटर की गलती है. बिल्कुल क्लिअर केस. आपको कुछ नहीं बोलना है. आप शांत रहेंगी तो पेपर जल्दी हो जाएगा, सर जल्दी घर जाएँगे."

सर म्हणजे तुम्ही. घर म्हणजे वसई. तुम्ही अजून सोहारच्या शवागारात आहात, आणि चौकशी मिटल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाहीत. टायवाल्याने चहा संपवला, कप ट्रेमध्ये नीट ठेवला आणि जाताना काकूंना म्हणाला, "टेन्शन नहीं लेने का." काकूंनी दार लावलं. मग बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही. मला तुम्ही सांगितलेलं आठवलं, की लोखंडाच्या यार्डात आवाजाची भीती वाटत नाही, आवाज थांबला की वाटते.

म्हणून लिहायला बसले. माझ्याशी भांडायला तुम्ही नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

तो तुकडा तुम्ही दिलात तेव्हा मी आठवीत होते. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही सोहारच्या यार्डातून यायचात, अंगाला लोखंडाचा वास, हातात भाजीची पिशवी. काकूंकडे पिशवी देऊन आधी आमच्याकडे चहा. मस्कतमधल्या अल् घुब्र्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळी मुलं सगळ्या पुरुषांना अंकल म्हणायची. बाबांनी मला एकट्या तुम्हालाच काका म्हणायला लावलं. त्या दिवशी मी पुस्तकातलं वाक्य घोकत होते, चुंबकाचे ध्रुव नेहमी जोडीने असतात. तुम्ही पुस्तक बंद केलंत.

"घोकून काय होणार? मोडून बघ."

खिशातून पातं काढलंत, एका चुंबकावर एकाच दिशेने घासत राहिलात, आणि होकायंत्राजवळ नेलंत. एका टोकाने सुई ओढली, दुसऱ्याने ढकलली. मग ते आईच्या नॅपकिनमध्ये गुंडाळून कट्‌कन मोडलंत. "आता सांग. उत्तर टोक या तुकड्यात, दक्षिण त्या तुकड्यात. बरोबर?"

मी बरोबर म्हणाले. तुम्ही दोन्ही तुकडे सुईजवळ धरलेत. प्रत्येकाला पुन्हा दोन टोकं होती. पुन्हा मोडलंत, पुन्हा तेच. आई ओरडली, "अहो, नॅपकिन माझा!" तुम्ही हसत म्हणालात, "वहिनी, हिला कळलं की नवीन आणून देतो." आणि मला म्हणालात, "किती पण बारीक कर. एकच टोक कुणाच्या हाती येत नाही. एक पाहिजे तर दुसरं घ्यावंच लागतं."

नॅपकिन तुम्ही आणून दिला नाहीत. आई परवासुद्धा ते म्हणाली आणि रडली.

माझ्या मराठीला तुम्ही हसायचात, ते मला आवडायचं. वर्गातल्या मराठी मुलांना 'अठ्ठावन्न' म्हणताना घाम फुटायचा, आणि मी 'जनतेच्या अज्ञानावर पोसलेली व्यवस्था' असलं काहीतरी बोलायचे. दोष बाबांचा. पुण्यात ते गावोगाव विज्ञानाची पत्रकं वाटत फिरायचे, आणि मस्कतला येताना आईने सगळी काचेची भांडी त्याच पत्रकांत गुंडाळून आणली. भांडी कपाटात गेली, पत्रकं इस्त्रीखाली सरळ होऊन माझ्या हातात आली. 'ग्रहणात जेवा!' हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं मराठी वाक्य. तुम्ही दारातूनच विचारायचात, "काय हँडबिल, आज कुणाचा निषेध?"

बाबांशी तुमचं भांडण वेगळं होतं. बाबा म्हणायचे, "सायमन, चुंबक दिसत नाही पण त्याचं बल मोजता येतं. तुझा देव मोजून दाखव." तुम्ही बिस्किट चहात बुडवून म्हणायचात, "मोजता येतं ते सहा दिवस बघतो ना मी. जे मोजता येत नाही त्याच्यासाठी शुक्रवार ठेवलाय." शुक्रवारी चर्चमधल्या मिस्साहून परत आलात की बाबा पुन्हा तिथूनच सुरू करायचे. हे भांडण आता एका बाजूनेच उरलं आहे. बाबा या शुक्रवारी चर्चमध्ये आले होते. सगळ्यात मागे, चप्पल काढून उभे होते. चप्पल काढायची नसते हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

दहावीत तुम्ही मला खिळा आणि टाचण्या दाखवल्यात. खिळ्याभोवती मोटरची तांब्याची तार गुंडाळलीत, जवळ जवळ, एकाच दिशेने. "उजव्या हाताने धर. बोटं करंट जातो तशी वळव. अंगठा दाखवतो ते उत्तर टोक." तारेची टोकं बॅटरीला लावलीत. खिळ्याने टाचण्यांचा घोस उचलला. "वेटोळी वाढव, जोर वाढतो. करंट वाढव, जोर वाढतो. पण तार गरम होते, ते लक्षात ठेव." मग तार सोडलीत. टाचण्या टेबलावर पडल्या. एक मात्र लटकत राहिली.

"ही का नाही पडली?" मी विचारलं.

"थोडं उरतं. वीज गेली तरी लोखंडात थोडं उरतं. पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही." तुम्ही टेबलाला टिचकी मारलीत. तीही पडली.

तेव्हा तुमचा आवाज बदलला होता. तुम्ही म्हणालात की तुमच्या यार्डात हाच खिळा आहे, फक्त एखाद्या खोलीएवढ्या घेराचा, आणि त्याला टाचण्यांऐवजी जाड लोखंडी प्लेटा लागतात. "लोकांना वाटतं क्रेन धरते. क्रेन फक्त उचलते गं. धरते ती वीज."

तो चुंबक मी पाहिला तो गेल्या वर्षी, पुण्याहून पदवी घेऊन परत आल्यावर. बाबांना सोहारला काम होतं, मी बरोबर गेले. फाटकाशीच तुम्ही बाबांचं घड्याळ काढून घेतलंत. "आत नेलंत तर कायमचं बिघडेल." यार्डात ना झाड ना छप्पर. विजेच्या पॅनेलची एक सलग घूं घूं, ती कानात नाही, दातांत ऐकू यायची. आणि क्रेनच्या साखळ्यांना लटकलेला तो काळा, गोल, चपटा राक्षस. रफीकभाई वर केबिनमध्ये होते. खेडचे रफीकभाई, तुमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांनी मला हात केला, खटका दाबला, आणि जमिनीवरची प्लेट खण्‌कन उडून चुंबकाला भिडली. मी मागे सरकले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "असंच सरकायचं. सवय झाली की माणूस सरकत नाही, तिथे घोटाळा होतो."

मग जेवणाची सुट्टी झाली आणि मी ते बघितलं. रफीकभाईंनी एक प्लेट उचलून माणसाच्या डोक्याच्या जरा वर आणली आणि तशीच ठेवून ते खाली उतरले. यार्डातली माणसं डबे घेऊन आली आणि त्या प्लेटच्या सावलीत बसली. कुणी टॉवेल अंथरून आडवा झाला. खाली जमिनीवर चौकोनी सावली, वर काळा चुंबक, मध्ये ती प्लेट, आणि तिला धरून ठेवणारं काहीही दिसत नव्हतं.

मी तुमच्याकडे वळले. "काका, हे काय?"

"सावली आहे."

"तुम्हीच सांगितलंत भरवसा ठेवायचा नाही!"

"वीज गेली तर म्हणून मागे बॅटऱ्या आहेत. त्या धरून ठेवतात, तोवर भोंगा वाजतो."

"बॅटऱ्या चांगल्या आहेत?"

तुम्ही घाम पुसलात. "जुन्या झाल्यात. उन्हाने खातात मार. नवीन मागितल्यात."

"आणि छप्पर?"

"ते पण मागितलंय. आमचा मालक, अर्बाब, म्हणतो इन्शाल्ला, पुढच्या उन्हाळ्यात. गेल्या उन्हाळ्यात पण पुढच्याच म्हणाला होता."

परतताना गाडीत मी बडबडत होते. त्या गुरुवारी तुम्ही चहाला आलात तेव्हा मी कपाच्या आधी भांडण ठेवलं. काकूही होत्या. मी म्हटलं, सावली हा हक्क आहे, तुम्ही त्याची भीक करून टाकलीत; धोक्याची भीक. तुम्ही त्यांना सावली देताय म्हणून अर्बाबला छप्पर द्यावं लागत नाही. सगळे मिळून काम थांबवा. मी हिंदीत पत्रक लिहून देते.

"ते वाचून अर्बाब सुधारणार नाही, पण वाटणारा पहिल्या विमानाने घरी जाईल. आपली युनियन आहे का इथे? तू लिहिशील, रफीक जाईल."

"मग रफीकभाईंना ते बंद तरी करायला सांगा!"

तेव्हा तुम्ही ते बोललात. मला शब्द न् शब्द आठवतो, काकूंनाही आठवतो, बाबांनाही. "बंदच केलं होतं. मीच ओरडून प्लेट खाली उतरवायचो. मग तो वेल्डर उन्हात पडला, तोंडाला फेस आला. त्या दिवशी मीच रफीकला सांगितलं, लटकव. एकच प्लेट, कमी उंचीवर, आणि मी पॅनेलजवळ उभा असेन तेव्हाच. रफीकने नाही केलं काही. मीच सांगितलंय त्याला."

मी म्हटलं, "हे चूक आहे, काका."

"आहे," तुम्ही म्हणालात. "तू दुसरं काहीतरी आण, मी हे सोडतो. छप्पर आण. पत्रक आणू नको."

काकूंनी विषय बदलला. तुम्ही उठलात, दारात थांबलात आणि म्हणालात, "हँडबिल, रागावलीस तर चहा तरी गरम दे पुढच्या वेळी." तुम्ही अनेकदा आलात नंतर. चहा गरम मिळाला. पण हा विषय आपण पुन्हा काढला नाही. मला अजून तुमच्या वाक्याचं उत्तर सुचलेलं नाही. दुसरं काहीतरी आण. ऊन आज असतं, छप्पर इन्शाल्ला असतं, आणि मधल्या माणसाने करायचं काय? माझ्या एकाही पत्रकात ते लिहिलेलं नाही. आणि तरीही मी सांगते, तुम्ही चुकलात.

त्या दुपारी काय झालं ते बाबांना रफीकभाईंनी सांगितलं. बाबा त्यांना भेटून आले. पोलिसांनी त्यांना सोहारलाच ठेवलं आहे.

माणसं जेवून आडवी झाली होती. तुम्ही पॅनेलजवळ उभे होतात, नेहमीसारखे. पूर्ण औद्योगिक वसाहतीची वीज गेली. रफीकभाई पाणी पीत होते, त्यांना आधी ती शांतता ऐकू आली. घूं घूं थांबली. भोंगा वाजला नाही. बॅटऱ्यांनी भोंगासुद्धा वाजवला नाही, काका. तुम्ही ओरडलात, "यल्ला! बाहेर! सब बाहर!" माणसं रांगत, लोळत बाहेर पडली. आणि प्लेट पडत नव्हती. रफीकभाई सांगताना पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अल्लाची शप्पत, ती लटकून होती. करंट नाही, काय नाही, तरी लटकून होती."

मला माहीत होतं ती का लटकून होती. बाबांनाही. ते टेबल, तो खिळा, ती एक टाचणी.

सगळे बाहेर आले असं वाटलं. पण एक जण तोंडावर टॉवेल घेऊन झोपला होता. तुम्ही आत गेलात. किती वेळ आहे हे त्या यार्डात तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. वेळ नाहीच हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही त्याला पायाने ढकललंत की हाताने ओढलंत यावर माणसांचं एकमत नाही. तो बाहेर आला, तुम्ही यायच्या आत प्लेट पडली. त्याच्या खांद्याला लागलं आहे, तो जगेल.

आता कंपनी म्हणते, रफीकने चुकीचा खटका दाबला. वीज गेल्याचं कुणी बोलत नाही. बॅटऱ्या दुसऱ्याच दिवशी तिथून हलल्या आहेत. नव्या बसल्या, असं बाबांच्या कानावर आलं. छपराचे खांबही रोवायला घेतलेत म्हणे. तुम्ही मागून जे मिळालं नाही, ते तुम्ही गेल्यावर आठवड्यात आलं.

आणि हे ऐका. पोलिसांनी रफीकभाईंना विचारलं, प्लेट लटकवायला साहेबांनी सांगितलं होतं का? ते म्हणाले, नाही. मीच केलं, माझ्या मनाने.

बाबा त्यांच्यावर चिडले. रफीकभाई म्हणाले, "साहेब आमच्यासाठी आत गेले. मयताच्या अंगावर मी गुन्हा टाकू? तुम्ही पण बोलू नका. तुम्हाला माझ्या पोरांची शपथ."

बाबांनी शपथ वगैरे मानत नाही असं आयुष्यभर सांगितलं आहे. पण घरी येऊन ते गॅलरीत बसून राहिले, आणि मला दिसत होतं की ही शपथ त्यांना लागली आहे.

काल ते दोघे गेल्यावर मी काकूंकडे गेले. बोलायला सुरुवात केली आणि नेहमीसारखं माझं भाषण झालं. कामगार, बळीचा बकरा, मालकांचं संगनमत. काकू कांदा चिरत होत्या. कुणी जेवणार नव्हतं तरी चिरत होत्या.

"बॅटऱ्यांचं सांगू आपण," त्या म्हणाल्या. "वीज गेली, बॅटऱ्या मेलेल्या होत्या, ह्याने कितीदा मागितल्या होत्या. ते मी सांगते पोलिसांना. घाबरते काय मी त्या टायवाल्याला?"

"आणि परवानगीचं?"

"ते नको."

"काकू, बॅटऱ्यांचं सांगितलं की ते पहिला प्रश्न हाच विचारतील, की मग प्लेट लटकवायला दिली कुणी."

"नको म्हटलं ना! तिकडे फ्रीजरमध्ये पडलाय तो, तुला कळतंय का? मी त्याचं नाव खराब करू? गावात पेटी उतरेल तेव्हा लोक काय म्हणतील, याच्याच चुकीने मेला? चांगला माणूस होता गं तो."

बोलण्यासारखं खूप होतं, ते सगळं छापील होतं. मी घरी आले, फ्रिजवरचा तुकडा काढला आणि नेऊन त्यांच्या कांद्याच्या ताटलीशेजारी ठेवला.

काकूंनी तो बघितला. हात पुसून उचलला. सुरी त्याच्याजवळ नेली, ती टक्‌कन चिकटली. सोडवली. तुकडा उलटा करून दुसऱ्या टोकाने पुन्हा नेली. पुन्हा चिकटली.

"मला पण मोडून दाखवलं होतं ह्याने," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधी. मी म्हटलं, हा काय मुलगा आहे, फुलं आणायची सोडून लोखंड आणतो." त्या हसल्या, आणि हसता हसता ओट्याला धरून खाली बसल्या. मी त्यांच्याजवळ बसले. तुकडा मुठीत धरून त्या म्हणाल्या, "चुकला तो. आत गेला तो पण तोच. दोन्ही सांगावं लागेल ना?"

मी मान हलवली.

"मग यल्ला, उद्या सोहार. तुझ्या बाबांना सांग गाडी काढायला. बोलेन मी. तू नुसती शेजारी बस. तू तोंड उघडलंस की पत्रक होतं."

आज निघायचं आहे. बाबा खाली गाडीचा एसी सुरू करून उभे आहेत, काकू समोर साडीला पिना लावताहेत, आणि सकाळपासून टायवाल्याचा फोन वाजतो आहे. कुणी उचलत नाही. आम्ही बोललो की तुमचं घरी जाणं लांबेल. किती, ते कुणी सांगत नाही. बाबांचा व्हिसा कुणाच्या सहीवर आहे आणि त्या सहीची ओळख तुमच्या अर्बाबशी किती आहे, याचा आईने सकाळी विचार करून पाहिला आणि मग डबा भरायला घेतला. बाहेर ऊन पांढरं झालं आहे. तुमच्या यार्डात आता जेवणाची सुट्टी होईल. छपराला अजून पत्रे लागलेले नाहीत, मग माणसं आज कुठे बसतील, ते मला माहीत नाही.

तुमचा आत्मा वगैरे मला लिहिता येत नाही, बाबांची मुलगी आहे. पण तुम्ही मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी शुक्रवार ठेवला होतात, आणि आज शुक्रवार नाही. म्हणून मोजून, स्पष्ट सांगते. रफीकभाई तुमचं नाव घेणार नाहीत. त्यांनी शपथ घातली आहे. तेव्हा ते आम्हाला घ्यावं लागणार आहे, भर पोलिसांच्या ऑफिसात, मोठ्याने, तुम्ही शेजारच्या इमारतीत थंड पडलेले असताना.

काकू खालून हाक मारताहेत. तुकडा त्यांच्या पर्समध्ये आहे. गॅसवाल्याचा नंबर जमिनीवर पडला आहे, तो आल्यावर उचलेन.